ग्लिसरिनचे दुसरे गुपित

१९२७-२८ च्या हिवाळ्यात कोलकात्याच्या बहूबाजार रस्त्यावरील २१० क्रमांकाच्या इमारतीत, म्हणजे इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या प्रयोगशाळेत, एस. वेंकटेश्वरन हे नोकरी सांभाळून संशोधन करणारे तरुण रसायनज्ञ अतिशय शुद्ध केलेल्या ग्लिसरिनमधून सूर्यप्रकाशाचा झोत पाठवत होते. द्रवातून विखुरलेला प्रकाश एरवी निळसर दिसतो. त्या दिवशी तो लखलखीत हिरवा दिसला. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दोन वर्षांनी नोबेल व्याख्यानात या हिरव्या प्रकाशाचा आवर्जून उल्लेख केला, कारण त्याच धाग्याचा पाठलाग करत के. एस. कृष्णन आणि ते स्वतः २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोहोचले होते. तो इतिहास आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. मात्र त्याच चिकट, गोडसर द्रवात आणखी एक गुपित दडले होते आणि ते ध्वनीचे होते. ते उलगडायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. त्या कथेतही रामन येतात, पण दहा वर्षांनंतर आणि बंगळुरात.

कथेचा आरंभ केंब्रिजमध्ये होतो. १८४५ साली जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स या सव्वीस वर्षांच्या गणितज्ञाने एक प्रश्न हाती घेतला. ध्वनी म्हणजे माध्यमातून पळणारी दाब-विरळीची लाट. माध्यमाचे थर एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाला आपण श्यानता म्हणतो. मग घर्षणापायी ध्वनीची किती शक्ती वाटेत खर्च होईल? स्टोक्सने चोख उत्तर काढले. ध्वनी जितका उंच, तितका तो झपाट्याने विझतो. कंप्रता दुप्पट केली तर शोषण चौपट होते. पुढे १८६८ मध्ये किर्खहॉफने त्यात उष्णतावहनाचा वाटा मिसळला. सूत्र इतके देखणे होते की पुढची साठ-सत्तर वर्षे त्यावर कुणी फारशी शंका घेतली नाही.

त्या देखण्या सूत्राखाली एक गृहीतक मात्र निमूट बसून होते. द्रव सरकवताना घर्षण होते हे उघड आहे, पण तो सर्व बाजूंनी दाबला आणि सोडला तर? त्यातही काही शक्ती वाया जाते का? स्टोक्सने हे नुकसान शून्य धरले. त्या काळी ते पडताळून पाहण्याचे साधनच नव्हते. शिवाय दाबलेले रेणू तत्क्षणी नव्या जागी स्थिरावतात, त्यांना वेळ असा लागतच नाही, असे मानणे सोयीचे होते. पुढच्या शतकभराचे नाट्य या एका शून्यातून उभे राहिले.

रेणूंना वेळ लागतो, ही शंका ज्याने प्रथम गणितात उतरवली तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायूंच्या गतिसिद्धान्तावरील निबंधात त्याने ओघाओघात एक विलक्षण विचार मांडला. द्रवाला अचानक धक्का दिला तर पहिल्या क्षणी तो घन पदार्थासारखा ताठ होऊन प्रतिकार करतो. मग हळूहळू त्यातला ताण ओसरतो आणि तो वाहू लागतो. ताण ओसरायला लागणारा हा अवधी म्हणजे शिथिलीकरण काल. श्यानता म्हणजे हा काल आणि ती क्षणिक दृढता यांचा गुणाकार. डांबराचा गोळा हातोडीच्या घावाने फुटतो आणि तसाच ठेवून दिला तर काही आठवड्यांत पसरून सपाट होतो, ते याच कारणाने. फुटणारे डांबर आणि वाहणारे डांबर एकच असते. वेगळा असतो तो आपण त्याला दिलेला वेळ.

मॅक्सवेल नुसत्या कल्पनेवर थांबणारा नव्हता. वाहत्या द्रवातला ताण डोळ्यांनी दिसावा म्हणून त्याने ध्रुवित प्रकाशाचा आधार घेतला. ताणलेल्या काचेतून असा प्रकाश जाताना रूप बदलतो. मग ताणलेल्या द्रवातून का बदलू नये? काचेच्या तळाच्या डब्यात फिरते नळकांडे बसवून त्याने खटपट केली. शेवटी निर्णायक पुरावा दिला तो कॅनडा बाल्समने, फरच्या झाडापासून मिळणाऱ्या दाट राळेने. साधा चपटा चमचा त्यातून फिरवला की अंधारलेल्या दृष्टिक्षेत्रात उजेड झळके. चमचा थांबला की उजेड पाहता पाहता नाहीसा होई. १८७३ मध्ये त्याने हे टिपण प्रसिद्ध केले. द्रवाला क्षणभराची का होईना, घनाची आठवण असते याची ती पहिली प्रत्यक्ष खूण होती. पण चमच्याच्या गतीने मिळणारे उत्तर फक्त अतिदाट राळेपुरते मर्यादित होते. पाण्यात, तेलात, ग्लिसरिनमध्ये ही आठवण इतकी अल्पजीवी की तिला गाठायचे तर सेकंदाला लाखो-कोटी वेळा थरथरणारा चमचा हवा होता.

योगायोग असा की ज्या १८६७ साली मॅक्सवेलचा निबंध छापला गेला, त्याच सालची ग्लिसरिनविषयीची एक चमत्कारिक नोंद सापडते. शेलेने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधलेला हा द्रव त्याआधी कुणी गोठलेला पाहिला नव्हता. कडाक्याच्या हिवाळ्यात व्हिएन्नाहून लंडनला निघालेल्या एका पिंपात त्याचे स्फटिक बनलेले आढळले आणि रसायनज्ञ चकित झाले. खरे तर ग्लिसरिनचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश सेल्सियस आहे. नियमाने ते नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा गोठायला हवे. पण गोठण्यासाठी रेणूंनी शिस्तीत रांगा लावाव्या लागतात आणि ग्लिसरिनचे रेणू एकमेकांना तीन-तीन हातांनी धरून बसलेले असतात. हलायचे तर शेजाऱ्याने वाट द्यायला हवी, शेजाऱ्याने हलायचे तर त्याच्या शेजाऱ्याने. त्यामुळे गोठणबिंदू ओलांडून ते थंड होत जाते, दाट होत जाते, तरी द्रवच राहते. यालाच अतिशीतित द्रव म्हणतात. शून्याखाली ८० अंशांच्या पलीकडे गेल्यावर ते इतके मंदावते की त्याची काच होते, स्फटिक न बनताच. १९२३ मध्ये बर्कलीत गिब्सन आणि जिओक यांना स्फटिक मिळवण्यासाठी ग्लिसरिन आधी द्रवरूप हवेच्या तापमानापर्यंत गारठवून मग दिवसभर सावकाश ऊब देत आणावे लागले. असा हा हट्टी द्रव. रेणूंची मंद चाल अभ्यासायला त्याच्यासारखा दुसरा सोबती मिळणे अवघड होते.

वेगवान थरथर पुरवली ती महायुद्धाने. पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ याने १९१७ च्या सुमारास क्वार्ट्‌झच्या चकत्यांना विजेने कंप पावायला लावले आणि मानवी कानाच्या आवाक्यापलीकडचा श्राव्यातीत ध्वनी पाण्यात सोडला. युद्ध संपले, चकत्या प्रयोगशाळांत आल्या आणि स्टोक्सच्या सूत्राची परीक्षा सुरू झाली. पहिला धक्का वायूंनी दिला. १९२५ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज पिअर्सला आढळले की कार्बन डायऑक्साइडमध्ये ध्वनीचा वेग कंप्रतेनुसार बदलतो. हा तर सरळ नियमभंग होता. तीन वर्षांनी कार्ल हर्झफेल्ड आणि राइस यांनी कारण सुचवले. लाटेची काही ऊर्जा रेणूच्या आतील कंपनांत उसनी जाते आणि परत मिळते ती उशिरा. उशिरा आलेली ऊर्जा लाटेच्या कामी येत नाही, तिची उष्णता होते.

द्रवांनी तर आणखी गोंधळ उडवला. फ्रान्समध्ये पिएर बिकार याने मोजमापे घेतली तेव्हा बेंझीनमध्ये ध्वनी स्टोक्सच्या हिशेबापेक्षा कित्येक पटींनी जास्त शोषला जात होता. पाण्यासारख्या साध्यासुध्या द्रवातही शोषण सुमारे तिप्पट भरत होते. म्हणजे स्टोक्सने शून्य धरलेली ती जागा मुळीच शून्य नव्हती. दाबलेल्या रेणूंना सावरायला वेळ लागत होता. पण कोणाला किती, हे सांगायचे तर लाटेची कंप्रता रेणूंच्या त्या वेळेपर्यंत चढवायला हवी होती आणि क्वार्ट्‌झची दमछाक त्याच्या पुष्कळ आधी होत होती. ग्लिसरिन नेहमीच्या तापमानाला सावरते ते सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या आसपासच्या अवधीत. तिथपर्यंत पोहोचणारा कर्णा त्या काळी माणसाच्या हाती नव्हता.

तो निसर्गाच्या हाती होता. लेऑन ब्रिलुआँ या फ्रेंच भौतिकीविदाला १९१४ मध्येच हे सुचले होते. कुठल्याही द्रवात उष्णतेपायी रेणू अखंड हलत असतात आणि त्या हालचालीतून असंख्य सूक्ष्म ध्वनिलहरी सर्व दिशांना आपोआप धावत असतात. त्यांची कंप्रता सेकंदाला हजार कोटींच्या घरात जाते. बाहेरून ध्वनी सोडण्याची गरजच नाही. द्रव स्वतःच गात असतो. ते गाणे ऐकायचे प्रकाशाने. धावत्या लहरींवरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो आणि मूळ रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक रेषा उमटते. त्या किती सरकल्या, यावरून लहरीचा वेग थेट मोजता येतो. मात्र महायुद्ध आड आले आणि ब्रिलुआँचा सविस्तर निबंध प्रसिद्ध व्हायला १९२२ उजाडले. रशियात मांडेलश्टाम स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर आला होता. सरकणे होते मूळ कंप्रतेच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाचे. इतकी बारीक फूट टिपायला १९३० साल यावे लागले. लेनिनग्राडमध्ये एव्गेनी ग्रोसने अनेक द्रवांत या रेषा पकडल्या.

इथे रामन पुन्हा कथेत येतात. ध्वनी हा त्यांचा जुना ध्यास. प्रकाशाकडे वळण्याआधी त्यांनी व्हायोलिनच्या तारांचा आणि मृदंगाच्या पुडीचा कसून अभ्यास केला होता. १९३३ मध्ये ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. पुढची चार वर्षे वादळी गेली. कारभारावरून तंटे झाले, चौकशी समिती बसली आणि १९३७ मध्ये त्यांना संचालकपद सोडावे लागले. ते संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. मानी माणसाला हा घाव किती खोल लागला असेल, याची कल्पना करता येते. पण त्यांच्या प्रयोगशाळेतून या काळात जे काम बाहेर पडले ते पाहिले की थक्क व्हायला होते. नागेंद्र नाथ यांच्यासह श्राव्यातीत ध्वनीने होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धान्त १९३५-३६ मध्ये पुरा झाला. तो आजही रामन-नाथ यांच्या नावाने शिकवला जातो. त्याच्याच पाठोपाठ द्रवांच्या अंगभूत ध्वनिलहरींचा वेध सुरू झाला.

१९३७ मध्ये रामन आणि बी. व्ही. राघवेंद्र राव यांनी द्रवांच्या ध्वनिवर्णपटाविषयीचे टिपण 'नेचर'मध्ये दिले. पुढच्या वर्षी त्यांनी प्रकाशाचे प्रकीर्णन आणि श्यानता यांच्या नात्याचा प्रश्न पुढे आणला. प्रश्न बोचरा होता. पातळ द्रवांत ब्रिलुआँच्या रेषा स्वच्छ दिसतात हे ठीक. दाट द्रवांचे काय? ग्लिसरिनची श्यानता पाण्याच्या हजार पटींहून अधिक. हजार कोटी कंपनांच्या लहरीला स्टोक्सचे सूत्र लावले तर ती ग्लिसरिनमध्ये स्वतःच्या लांबीएवढेही अंतर जाऊ शकत नाही. जन्मतःच गुदमरते. मग तिथे रेषा कसली उमटणार? मूळ रेषेभोवती फारतर एक अस्पष्ट पसरट धूसरता दिसावी. सूत्राचा हा निकाल निःसंदिग्ध होता.

हे काम आता सी. एस. वेंकटेश्वरन यांच्याकडे आले. नावात साम्य असले तरी कोलकात्याचे वेंकटेश्वरन वेगळे, हे वेगळे. साधने म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा दिवा, रंगातील सूक्ष्म फरक कड्यांच्या रूपात उलगडणारा व्यतिकरणमापक आणि छायाचित्रणाची काचपट्टी. लेझर जन्माला यायला अजून दोन दशके होती. विखुरलेला प्रकाश इतका क्षीण की पट्टीवर काही उमटायचे तर तासन्‌तास वाट पाहावी लागे आणि तेवढ्या काळात व्यतिकरणमापकाचे तापमान जरासे ढळले तरी कडी पुसट होऊन सगळी प्रतीक्षा मातीमोल व्हावी. द्रवात धुळीचा कण राहिला तर त्यावरून उसळणारा प्रकाश खऱ्या रेषांना बुडवून टाकणार. ग्लिसरिन तर इतके दाट की त्यातून धूळ काढणे हीच एक परीक्षा. हे काम करणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. विज्ञानाच्या इतिहासात कल्पना सुचणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. काचपट्टी स्थिर ठेवणाऱ्यांची त्यामानाने कमी येतात.

आणि त्या पट्टीवर रेषा उमटल्या. ग्लिसरिनमध्ये जिथे काहीच दिसायला नको होते तिथे ब्रिलुआँच्या रेषा होत्या. लहर गुदमरली नव्हती. ती जिवंत होती, धावत होती. पण खरा धक्का पुढे होता. रेषा किती सरकल्या यावरून वेग काढला तेव्हा तो जुळेना. क्वार्ट्‌झच्या चकतीने मोजलेला ग्लिसरिनमधला ध्वनिवेग सेकंदाला सुमारे १,९०० मीटर. प्रकाशाने मोजलेला वेग त्याहून कित्येक शे मीटरने अधिक भरला. द्रव तोच, तापमान तेच. फरक एवढाच की एक लहर सेकंदाला काही लाख-दशलक्ष वेळा कंप पावत होती आणि दुसरी हजार कोटींहून अधिक वेळा.

मॅक्सवेलची सत्तर वर्षांपूर्वीची ओळ आता अक्षरशः प्रकाशात आली. संथ लहर ग्लिसरिनला दाबते तेव्हा रेणूंना सरकायला, नवी मांडणी करायला पुरेसा वेळ मिळतो. तिच्यापुढे ग्लिसरिन द्रव असते. अतिवेगवान लहर दाबते आणि रेणू हलायच्या आतच उलट खेचते. एका कंपनाच्या अवधीत रेणूंना जागचे हलताच येत नाही, म्हणून तिच्यापुढे ग्लिसरिन ताठ, घन, जवळजवळ काचच असते. घनात ध्वनी जास्त वेगाने धावतो, कारण घनाला दाबाखेरीज आकार बदलण्यालाही विरोध करता येतो. स्टोक्सचा हिशेब इथेच चुकला. घर्षण होण्यासाठी थर सरकावे लागतात. थरांना सरकायला वेळच मिळाला नाही तर घर्षण कुठून होणार? लहर मरते ती मधल्या टप्प्यात, जिथे तिचा एक कंप आणि रेणूंची एक हालचाल यांची वेळ जुळून येते. त्या संगमावर शोषण शिगेला पोहोचते. संगम ओलांडला की लहर पुन्हा मोकळी होते, आधीपेक्षा वेगवान होऊन. १९३९ मध्ये रामन आणि वेंकटेश्वरन यांनी हा निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापला. मथळ्यात त्यांनी विषय सरळ सांगितला: द्रवांची दृढता.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात युरोपात दुसरे महायुद्ध भडकले. जगातल्या ध्वनिशास्त्रज्ञांना रडार-सोनारच्या कामांनी वेढले आणि बंगळुरूचे हे छोटेसे टिपण मागे पडले. वेंकटेश्वरन मात्र थांबले नाहीत. १९४२ मध्ये त्यांनी पातळ द्रव, दाट द्रव आणि काच यांवरील आपली निरीक्षणे इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात विस्ताराने मांडली.

युद्धानंतर धागा उचलला तो वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात. वायूंतल्या उसन्या ऊर्जेचा माग लावणारा, मूळचा व्हिएन्नाचा कार्ल हर्झफेल्ड आता तिथे होता आणि त्याच्याबरोबर थिओडोर लिटोव्हिट्झ. रामन यांची वाट कंप्रता वाढवण्याची होती. यांनी उलट बाजूने चढाई केली. लहर पळवता येत नसेल तर रेणूंना मंद करा. ग्लिसरिन थंड करत न्यायचे, म्हणजे रेणूंच्या हालचालीचा अवधी इतका लांबतो की क्वार्ट्‌झच्या आटोक्यातली लहरसुद्धा त्याला मागे टाकते. तापमानाची ही चावी हाती येताच अतिशीतित द्रव हे ध्वनीच्या अभ्यासाचे मुख्य रणांगण बनले. एकाच कंप्रतेवर तापमान उतरवत गेले की शोषण वाढत वाढत शिखर गाठते, मग घसरते, आणि त्याच वेळी वेग द्रवाच्या पायरीवरून काचेच्या पायरीवर चढतो. लिटोव्हिट्झने डॅनिएले सेटेबरोबर १९५३ मध्ये ग्लिसरिनमधल्या विद्युत आणि ध्वनी अशा दोन्ही शिथिलीकरणांची तुलना प्रसिद्ध केली. रेणूंच्या चालीची चाहूल दोन वेगवेगळ्या दारांतून घेण्याचा तो प्रयत्न होता.

मग १९५७ मध्ये पिचिरेल्ली आणि लिटोव्हिट्झ यांनी रामन यांच्या उत्तरात मोलाची भर घातली. वेग वाढण्याचे श्रेय बंगळुरूच्या टिपणाने द्रवाच्या दृढतेला, म्हणजे आकार बदलायला होणाऱ्या विरोधाला दिले होते. वॉशिंग्टनच्या मोजमापांत दिसले की ते अर्धेच खरे. आडव्या थरथरीची आणि दाबाची अशी दोन्ही मोजमापे जोडीने केल्यावर स्पष्ट झाले की दबण्याच्या प्रतिकारालाही वेळेची मर्यादा आहे आणि तो अवधी जवळपास तितकाच आहे. स्टोक्सने शून्य धरलेली जागा अखेर आकड्यांनी भरली. आणखी एक गोष्ट उघड झाली. मॅक्सवेलच्या सूत्रात एकच शिथिलीकरण काल होता; ग्लिसरिनच्या शोषणाचे शिखर त्यापेक्षा फार रुंद निघाले. सगळे रेणू एका तालात सावरत नव्हते. कुठे वाट लवकर मोकळी होत होती, कुठे कोंडी बराच काळ टिकत होती. द्रवाच्या पोटात काळांची अख्खी पंगत बसली होती.

लेझर आला आणि बंगळुरूत ज्या रेषांसाठी तासन्‌तास डोळे लावून बसावे लागे, त्या झटपट मिळू लागल्या. १९६६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या रेमंड माउंटनने गणिताने भाकीत केले की लहर आणि रेणूंची मंद हालचाल एकमेकांत गुंतली की दोन बाजूंच्या रेषांखेरीज मध्यभागी आणखी एक पसरट घटक दिसला पाहिजे. त्याच वर्षी टोरोंटोमध्ये स्टॉइचेफ आणि सहकाऱ्यांना तो कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये सापडला. भाकीत आणि पडताळा एकाच वर्षात, असे क्वचितच घडते. १९६८ मध्ये पिनो, लिटोव्हिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेझरच्या उजेडात ग्लिसरिनची लवचीक घडण पुन्हा मोजली. पुढे १९८५-८६ मध्ये शिकागोत सिडनी नेगल यांच्या गटाने ग्लिसरिनला काच होण्याच्या उंबरठ्यापर्यंत थंड करत नेले. बर्ज यांच्यासह त्यांनी विशिष्ट उष्णताच थरथरवून पाहिली, तर जाँग आणि शोभो भट्टाचार्य यांच्यासह ध्वनी वापरला.

आता राहिले होते पाणी. ते इतके चपळ की त्याचे रेणू सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात सावरतात. त्याला गाठणारी लहर ब्रिलुआँच्या लहरींहूनही कितीतरी वेगवान हवी. तिचा पहिला माग प्रयोगात न लागता संगणकात लागला आणि तो लावणारा होता हैदराबादेत जन्मलेला अनीसुर रहमान. अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत त्याने द्रवातल्या प्रत्येक कणाची वाटचाल आकड्यांत मांडण्याची रीत घडवली होती. १९७४ मध्ये त्याने आणि फ्रँक स्टिलिंजरने आकड्यांतल्या त्या पाण्यातून ध्वनी पाठवला. १,५०० मीटरच्या आसपास असलेल्या नेहमीच्या वेगाच्या जोडीला त्यांना एक दुसरा, कितीतरी जास्त वेग दिसला. अनेकांना तो संगणकाचा भास वाटला असता तरी नवल नव्हते. १९८५ मध्ये तेइशेइरा, बेलिसाँ-फुनेल, चेन आणि डोर्नर यांनी जड पाण्यावर न्यूट्रॉन सोडले आणि सेकंदाला सुमारे ३,३०० मीटरचा वेग हाती आला. रहमान १९८७ मध्ये वारला. आपले आकडे खरे ठरलेले त्याने पाहिले होते.

१९९० च्या दशकात फ्रान्समधील ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉन केंद्रात फ्रान्चेस्को सेटे आणि ज्यांकार्लो रुओको यांनी क्ष-किरणांनी हाच प्रश्न विचारला. इथे ऊर्जेतला फरक कोटीतल्या एका भागाइतका ओळखायचा होता; पन्नास हजारातला एक भाग टिपणाऱ्या जुन्या काचपट्ट्यांशी तुलना केली की साठ वर्षांची मजल डोळ्यांपुढे येते. १९९६ मध्ये त्यांनी दाखवले की अतिसूक्ष्म लांबीच्या लहरींना पाणी आणि बर्फ यांत वेगाचा फरक जाणवत नाही. दोन्हींत ध्वनी सारखाच, ३,२०० मीटरच्या आसपास. मग वाद पेटला. पाण्यातल्या हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात काही वेगळ्याच जातीचा 'वेगवान ध्वनी' धावतो, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष म्हणत होता की वेगळे काही नाही. ग्लिसरिनमध्ये जे दाट असल्यामुळे दिसले तेच पाण्यात चपळाईमुळे फार वर सरकले आहे. १९९९ मध्ये जुलिओ मोनाको आणि सहकाऱ्यांनी तापमान बदलत मोजमापे घेऊन शिथिलीकरणाची बाजू भक्कम केली आणि २००६ मध्ये सांतुची, फियोरेत्तो व सहकाऱ्यांनी पाण्यात वेगवान ध्वनी खरोखर आहे का, असा थेट प्रश्न मथळ्यातच विचारून हा वेग मॅक्सवेलच्या चौकटीत बसवला.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. नेहमीच्या तापमानाला ग्लिसरिनचे रेणू अब्जांश सेकंदाच्या आसपास सावरतात, काच होण्याच्या टोकाशी त्यांना मिनिटभराहून अधिक वेळ लागतो. अवघ्या शंभरेक अंशांत एवढी प्रचंड मंदगती का यावी, रेणूंच्या मांडणीत त्या मानाने जवळपास काहीच बदल दिसत नसताना? यावर आज अनेक सिद्धान्त आहेत आणि त्यांच्यात एकमत नाही. त्यांची कसोटी लावताना भौतिकीविद अजूनही ग्लिसरिनची बाटली काढतात, ती थंड करतात आणि तिच्यातून ध्वनी पाठवतात.